अंदाज बरोबर येतो, पण पोचतो का?

८ नोव्हेंबर २०१३ला हैयान हे महाचक्रीवादळ फिलिपिन्सवर आदळलं. ते येणार हे हवामानशास्त्रज्ञांनी आधीच सांगितलं होतं. मार्ग सांगितला होता, वाऱ्याचा जोर सांगितला होता, किनाऱ्यावर समुद्राचं पाणी चढेल हेही इशाऱ्यात होतं. तरी सहा हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांतली बरीचशी टॅक्लोबान शहर आणि आसपासच्या भागातली. वाचलेल्यांशी बोलल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. इशाऱ्यात 'स्टॉर्म सर्ज' असे शब्द होते. लोकांनी ते ऐकले होते, पण त्याचा अर्थ कित्येकांना उमगला नव्हता. वादळ म्हणजे वारा आणि पाऊस, अशीच त्यांची समजूत होती; समुद्रच उठून घरात शिरेल हे कुणाच्या मनात आलं नाही. 'त्सुनामीसारखं पाणी येईल' एवढं जरी कुणी म्हटलं असतं तरी घर सोडून पळालो असतो, असं अनेकांनी नंतर सांगितलं.

खरं तर ही गोष्ट समजावायला फार वेळ लागत नाही. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे खालचं पाणी थोडं वर उचललं जातं. दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं. पण मुख्य काम वारा करतो. तो तासन् तास पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो, आणि समोर उथळ, निमुळती खाडी असेल तर पाण्याला पसरायला जागाच उरत नाही. मग ते वर चढतं आणि आत घुसतं. बस, एवढंच. प्रश्न असा की हे कुणी सांगायचं, कधी सांगायचं आणि कुणाच्या तोंडून?

हेच ज्यांचं काम आहे त्या माणसांबद्दल हा लेख आहे. टीव्हीवर नकाशापुढे उभे राहणारे आपल्याला दिसतात, बाकीचे दिसत नाहीत. धरणावरच्या इंजिनिअरला आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्याला रात्री फोन करून 'पुढचे सहा तास जपा' असं सांगणारे वेधशाळेतले लोक असतात. शिक्षकांना ढग ओळखायला शिकवणारे असतात, संग्रहालयात प्रयोग मांडणारे असतात, किनाऱ्यावरच्या गावात कर्णा घेऊन फिरणारे स्वयंसेवक असतात. या कामाला दुय्यम समजण्याची रीत विज्ञानाच्या जगात अजूनही आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते. अंदाज तयार झाला म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं तितकंच अवघड आहे, आणि तेही अभ्यासाचंच आहे.

काम जुनंच आहे

रॉबर्ट फिट्झरॉय हे डार्विनला जगप्रवासाला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचे कप्तान. १८५४मध्ये ब्रिटनचं हवामान खातं सुरू झालं, ते त्यांच्याच हाताखाली. १८५९च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटलं आणि साडेचारशेच्या आसपास माणसं बुडाली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी तारयंत्राने किनाऱ्यावरच्या नोंदी गोळा करून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. पण बंदरात उभ्या असलेल्या कोळ्याला हा इशारा कळणार कसा? त्यासाठी त्यांनी डोलकाठीवर शंकू चढवायची पद्धत बसवली. शंकूचं टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून येणार, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. अक्षरओळख नसलेल्यालाही लांबून वाचता येईल अशी ती भाषा होती. कोळ्यांच्या छोट्या बंदरांत त्यांनी वायुभारमापक बसवून घेतले, आणि पारा चढला-उतरला की काय समजायचं याच्या सोप्या सूचनाही सोबत दिल्या. १ ऑगस्ट १८६१ला 'द टाइम्स'मध्ये त्यांचा पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला.

फिट्झरॉय १८६५मध्ये गेले. शास्त्राचा आधार पुरेसा नाही या कारणावरून पुढच्या वर्षी हे सगळं बंद करण्यात आलं. तेव्हा ओरड कुणी केली असेल तर दर्यावर राबणाऱ्या लोकांनी. १८६७मध्ये वादळाचे इशारे परत सुरू करावे लागले. शास्त्रज्ञांच्या मंडळींना जे कच्चं वाटत होतं, ते बंदरातल्या माणसाला कामाचं वाटत होतं. किती खात्री असली की बोलायचं, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

तीस टक्के पाऊस म्हणजे काय?

'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के.' हे वाक्य रोज कोट्यवधी लोक वाचतात. अमेरिकेत १९६०च्या दशकापासून अंदाज असे टक्क्यांत दिले जातात. २००५मध्ये मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, अ‍ॅम्स्टरडॅम, अथेन्स, बर्लिन आणि मिलान या पाच शहरांतल्या लोकांना या वाक्याचा अर्थ विचारला. बरोबर उत्तराला बहुमत मिळालं ते फक्त न्यूयॉर्कमध्ये. युरोपातल्या शहरांत 'उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल' हा अर्थ लोकांना जास्त पटला. 'शहराच्या ३० टक्के भागात पडेल' असं म्हणणारेही होते.

खरा अर्थ वेगळा आहे. आजच्यासारखी परिस्थिती जेव्हा जेव्हा असते, तशा दहा दिवसांपैकी तीन दिवस तुमच्या ठिकाणी पाऊस पडतो आणि सात दिवस पडत नाही. किती वेळ पडेल, किती जोरात पडेल याबद्दल या आकड्यात काहीच नाही.

हे टक्के येतात कुठून, हे कळलं की गोंधळ बराच कमी होतो. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३मध्ये दाखवून दिलं की वातावरणाची गणितं अशा जातीची आहेत की सुरुवातीच्या स्थितीत अगदी बारीक फरक असला तरी काही दिवसांनी निकाल पूर्ण वेगळा येऊ शकतो. आपली मोजमापं कधीच परिपूर्ण नसतात, म्हणजे हा बारीक फरक कायम राहणारच. त्यावर उपाय म्हणून मोठी हवामान केंद्रं एकच गणित एकदा सोडवून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून ती तेच गणित अनेकदा सोडवतात. युरोपचं मध्यम पल्ल्याचं केंद्र १९९२पासून हे करतं. आज तिथे एका वेळी अशा ५१ धावा, म्हणजे गणिताच्या ५१ फेऱ्या होतात. त्यातल्या पंधरा-सोळा धावांत तुमच्या गावावर पाऊस दिसला, तर शक्यता साधारण ३० टक्के. प्रत्यक्षात त्यावर आणखी सुधारणा केल्या जातात, पण गाभा हाच.

आता एक महत्त्वाचा मुद्दा, जो शाळेत तर शिकवलाच जात नाही. ३० टक्के सांगितलं आणि पाऊस पडला, तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून ते ठरवताच येत नाही. ३० टक्के म्हटलेले सगळे दिवस बाजूला काढायचे आणि त्यांतल्या खरंच तीन-दशांश दिवशी पाऊस पडला का, ते पाहायचं. पडला असेल तर अंदाज देणारा प्रामाणिक आहे. हवामान खाती आपली तपासणी अशीच करतात. लोकांच्या लक्षात मात्र राहतो तो एकच दिवस, जेव्हा छत्री घरी राहिली.

दुसरी गोष्ट, टक्क्यांवरून निर्णय प्रत्येकाचा वेगळा निघतो. समजा बचावाचा खर्च एक भाग आहे आणि बचाव केला नाही तर होणारं नुकसान दहा भाग. मग शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की बचाव केलेला परवडतो. उघड्यावर धान्य वाळत घातलेल्या शेतकऱ्याने दहा-पंधरा टक्क्यांनाच ताडपत्री काढावी. ज्याचं नुकसान फक्त अंग भिजण्याचं आहे, त्याने साठ टक्के होईपर्यंत थांबलं तरी चालेल. 'पाऊस पडेल की नाही, एकच काय ते सांगा' असं म्हणणारा माणूस खरं तर आपला निर्णय दुसऱ्यावर सोपवत असतो, आणि त्या दुसऱ्याला याचं धान्य बाहेर आहे की नाही हे माहीतच नसतं. म्हणून चांगला हवामान-संवादक टक्के लपवत नाही. तो टक्के सांगतो आणि त्यांचं काय करायचं तेही सांगतो.

नकाशाही चुकीचा वाचला जातो

अमेरिकेचं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र वादळाच्या पुढच्या वाटेचा एक नकाशा काढतं. त्यात एक पांढरा पट्टा असतो, वादळाजवळ अरुंद आणि पुढे रुंद होत गेलेला. गेल्या पाच वर्षांत अंदाज किती किलोमीटरनी चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते. तीनपैकी दोन वेळा वादळाचा मध्य या पट्ट्यात राहतो, असा त्याचा हिशेब. म्हणजे तीनांतून एकदा मध्य पट्ट्याबाहेर जाणं हे ठरल्याप्रमाणेच आहे. शिवाय पट्टा फक्त मध्याचा आहे. वारा, पाऊस आणि समुद्राचं पाणी त्याच्या कितीतरी बाहेर पोचतात. पण पाहणाऱ्याला काय दिसतं? पट्टा रुंद होत जातो म्हणजे वादळ मोठं होत जातंय, आणि पट्ट्याबाहेर आपण सुरक्षित. दोन्ही समजुती चुकीच्या.

२००४च्या ऑगस्टमध्ये चार्ली हे वादळ फ्लोरिडाकडे येत असताना पट्ट्याच्या मधोमध काढलेली बारीक रेघ टँपा शहराकडे जात होती. पुंटा गोर्डा हे गाव रेघेवर नव्हतं, पण पट्ट्यात होतं आणि तिथे इशाराही लागू होता. वादळ वळलं आणि तिथेच घुसलं. रेघ टँपावर आहे म्हणून बेसावध राहिलेल्यांना तो धक्का होता. नकाशा बरोबर असूनही डोळा चुकीच्या ठिकाणी गेला. त्यानंतर या एका चित्रावर किती संशोधन झालं, ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं.

इशारा ऐकून लोक लगेच हलतात, असंही नसतं. २२ मे २०११ला अमेरिकेतल्या जॉप्लिन गावावर टॉर्नेडो, म्हणजे सोंडेसारखं खाली उतरणारं भोवऱ्याचं वादळ आलं, त्यात दीडशेहून जास्त माणसं दगावली. इशारा वेळेत दिला होता, भोंगे वाजले होते. नंतरच्या सरकारी पाहणीत दिसलं की बहुतेक लोकांनी पहिल्या भोंग्याला आडोसा घेतला नाही. त्यांनी टीव्ही लावला, खिडकीतून आकाशाकडे पाहिलं, कुणाला तरी फोन केला. एका ठिकाणाहून आलेली बातमी दुसरीकडून पडताळून पाहणं हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला मूर्खपणा म्हणून सोडून देणारे लोक या कामाला उपयोगाचे नाहीत. माणूस पडताळणारच असेल, तर दुसऱ्या, तिसऱ्या ठिकाणीही त्याला तोच आणि तितकाच स्पष्ट निरोप मिळाला पाहिजे.

या अनुभवांतून एक मोठा बदल झाला. जागतिक हवामान संघटनेने २०१५मध्ये सदस्य देशांसाठी मार्गदर्शन काढलं, त्याचा सारांश असा की हवामान कसं असेल एवढ्यावर थांबू नका, ते काय करेल हे सांगा. 'ताशी ९० किलोमीटर वारे' यापेक्षा 'झाडं पडतील, वीज जाईल, पत्रे उडतील' हे ऐकणाऱ्याला हलवतं. पुराच्या पाण्याबद्दलही तसंच आहे. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणूस पडू शकतो, ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात. हे तीन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावेत, इतके मोलाचे आहेत. विशेष म्हणजे ही जाण फार जुनी आहे. ११ जानेवारी १९५४ला बीबीसीवर जॉर्ज काउलिंग हे टीव्हीवरून समोर येऊन हवामान सांगणारे तिथले पहिले निवेदक ठरले. उद्या वारा असेल, कपडे वाळत घालायला चांगला दिवस आहे, असं त्यांनी सांगितलं. वाऱ्यावरून थेट घरच्या कामावर येणं त्यांना पहिल्याच दिवशी साधलं होतं.

पाच, सहा, सात

बंगालच्या उपसागराच्या काठावरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत शिकण्यासारखी वाटते. वादळ आलं की बंदरावर क्रमांकाचा बावटा लागतो, एक ते अकरापर्यंत. ही पद्धत ब्रिटिश काळातली. साध्या माणसाचा समज काय होईल? क्रमांक जितका मोठा तितका धोका मोठा, म्हणजे सातचा बावटा पाचपेक्षा वाईट. पण तसं नाही. पाच, सहा आणि सात या तिन्ही क्रमांकांत वादळाचा जोर सारखाच असतो. वादळ बंदराच्या एका बाजूने जाणार, दुसऱ्या बाजूने जाणार, की बंदरावरूनच जाणार, एवढाच त्यांच्यात फरक. आठ, नऊ, दहा हे तसंच त्रिकुट जास्त तीव्र वादळासाठी. जहाजाच्या कप्तानाला ही माहिती लाखमोलाची आहे, कारण वारा कोणत्या दिशेने फिरेल ते त्याला त्यावरून कळतं. किनाऱ्यावरच्या झोपडीतल्या माणसाला मात्र तिचा उपयोग नाही. उलट पाचचा बावटा पाहून 'अजून सात कुठे झालाय' म्हणत तो घरीच थांबण्याची भीती. एकाच खुणेने दोन वेगळ्या माणसांशी बोलायला गेलं की असं होतं.

१९७०च्या नोव्हेंबरमधल्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं मेली, असा अंदाज आहे. त्यानंतर १९७२मध्ये बांगलादेशात सरकार आणि रेड क्रॉस यांनी मिळून गावोगावच्या स्वयंसेवकांचं दल उभं केलं. त्यांच्याकडे कर्णे, झेंडे, रेडिओ. इशारा आला की ते दारोदार जातात. निरोप आणणारा ओळखीचा असतो, त्याचं घरही त्याच किनाऱ्यावर असतं. तरीही १९९१च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूप जास्त होतं. कारणं शोधताना कळलं की बऱ्याच बायका घरच्या पुरुषाची वाट पाहत थांबल्या. अनोळखी पुरुषांनी भरलेल्या, आडोसा नसलेल्या निवाऱ्यात जायला त्या धजावल्या नाहीत. निरोप पोचला होता, पण त्यावर चालणं त्यांच्या हातात नव्हतं. मग निवारे सुधारले, त्यांत बायकांसाठी वेगळी सोय झाली आणि स्वयंसेवकांत बायकांची भरती झाली. आज या दलात ७६ हजारांच्या आसपास स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. अलीकडच्या मोठ्या वादळांत तिथले मृत्यू शेकड्यांत किंवा दहा-वीसांत मोजले जातात. उपग्रह आले, पक्के निवारे आले, त्यांचं श्रेय आहेच. पण उपग्रहाने पाहिलेलं वादळ शेवटच्या झोपडीत सांगायला माणूसच जातो.

तीस वर्षांची गोष्ट कशी सांगायची?

आतापर्यंत उद्या-परवाच्या हवामानाबद्दल बोललो. तापमानवाढ समजावणाऱ्यांचं काम याहून अवघड. तिथे भोंगा वाजत नाही. बदल दशकांत होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, सरासरीत दिसतो. एखाद्या ठिकाणचं 'नेहमीचं' हवामान ठरवायला हवामानशास्त्रात तीस वर्षांची सरासरी धरतात, सध्या १९९१ ते २०२०ची. एका थंड आठवड्याने ती सरासरी हलत नाही, आणि एका उन्हाळ्यानेही नाही.

मग एखादी भयंकर उष्णतेची लाट आली की प्रश्न येतो: ही हवामान बदलामुळे आली का? या प्रश्नाला हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं चुकीची. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८०च्या दशकात यासाठी फाशाची उपमा वापरली, ती मला अजूनही सर्वांत चांगली वाटते. फाशाच्या एका बाजूला वजन लावलं की सहा जास्त वेळा पडतो. हातात आलेला हा सहा वजनामुळे पडला का, हे सांगता येत नाही. पण पूर्वी किती वेळा पडायचा आणि आता किती वेळा पडतो, हे मोजता येतं. २०१४पासून काम करणारा 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन' हा शास्त्रज्ञांचा गट तेच करतो. आजचं वातावरण आणि माणसाने कार्बन सोडला नसता तर असतं तसं वातावरण, दोन्ही घेऊन ते अशा घटनेची शक्यता काढतात. २९ जून २०२१ला कॅनडातल्या लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. अवघ्या आठवडाभरात या गटाने सांगितलं की तापमानवाढ नसती तर त्या भागातली ही लाट जवळपास अशक्य होती. हा वेग महत्त्वाचा. लोक ज्या दिवसांत तो प्रश्न विचारतात त्याच दिवसांत उत्तर मिळालं तर ते ऐकलं जातं. दोन वर्षांनी नियतकालिकात छापून आलेलं उत्तर तज्ज्ञांपुरतं राहतं.

शब्दांचीही अडचण आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत 'शक्य' (इंग्रजीत 'लाइकली') आणि 'अतिशय शक्य' ('व्हेरी लाइकली') या दर्जाच्या शब्दांना ठरलेले आकडे आहेत. पहिल्याला किमान ६६ टक्के, दुसऱ्याला किमान ९०. सामान्य वाचकाला हे ठाऊक नसतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू यांच्या प्रयोगांत दिसलं की लोक 'अतिशय शक्य' वाचून मनात त्यापेक्षा बराच कमी आकडा धरतात. शब्दाशेजारी आकडा लिहिला की गैरसमज घटतो. इतका साधा उपाय, तरी बातम्यांत तो क्वचितच दिसतो.

याउलट कधी कधी आकडे काढून टाकूनच काम होतं. ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८मध्ये तापमानाच्या पट्ट्या तयार केल्या. दर वर्षाला एक उभी पट्टी. थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. अक्ष नाहीत, आकडे नाहीत. डावीकडून उजवीकडे पाहत गेलं की निळा रंग संपत जातो आणि लाल गडद होत जातो. आलेख वाचता न येणाऱ्या मुलालाही ते कळतं.

तरी सांगणारा कोण, हा प्रश्न इथेही सुटत नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधल्या एका स्थानिक वाहिनीवर जिम गँडी हे हवामान निवेदक होते. २०१०च्या सुमारास 'क्लायमेट सेंट्रल' या संस्थेच्या मदतीने त्यांनी रोजच्या बातमीपत्रात अधूनमधून हवामान बदल आणायला सुरुवात केली. ध्रुवावरच्या बर्फाबद्दल न बोलता ते बोलले अंगाला लागली की पुरळ उठवणाऱ्या, परसात माजणाऱ्या एका वेलीबद्दल, पॉयझन आयव्हीबद्दल. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ती जोमाने वाढते आणि तिचा दाहही वाढतो. पर्यावरणाच्या चर्चेला नाक मुरडणारा प्रेक्षकही हे ऐकतो, कारण वेल त्याच्या कुंपणावर आहे आणि सांगणारा रोज संध्याकाळी त्याच्या घरात येणारा माणूस आहे. पुढे हा उपक्रम देशभरातल्या निवेदकांपर्यंत गेला.

मुलांशी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. २०२१मध्ये दहा देशांतल्या दहा हजार तरुणांची पाहणी झाली. हवामान बदलाची खूप किंवा अतिशय चिंता वाटते, असं ५९ टक्क्यांनी सांगितलं. त्यांना आणखी घाबरवून काही साधत नाही. खोटा धीर देणंही बरं नाही. हाताला काम दिलं तर मात्र फरक पडतो.

मोजायला शिकवणं

ते काम पर्जन्यमापकापासून सुरू होऊ शकतं. उभं नळकांडं मोकळ्या जागी ठेवायचं, झाड आणि भिंत यांच्यापासून दूर. रोज ठरलेल्या वेळी डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचायचं. नळीत पाणी कडेला किंचित चढलेलं असतं, म्हणून मधला खोलगट भाग धरायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग मुलांना छप्पर मोजायला सांगावं. छप्पर शंभर चौरस मीटरचं आणि पाऊस ५० मिलिमीटर, तर त्यावर पडलेलं पाणी पाच हजार लिटर. हा गुणाकार मुलाने स्वतः केला की '५० मिलिमीटर पाऊस' हे शब्द त्याच्यासाठी कायमचे बदलतात. धडा वाचून ते होत नाही.

शिवाय ही मोजणी खरोखर उपयोगी पडते. २८ जुलै १९९७ला अमेरिकेतल्या फोर्ट कॉलिन्स शहरात पूर आला, पाच जण गेले. शहराच्या एका टोकाला ३५ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता आणि दुसऱ्या टोकाला पाच सेंटिमीटरसुद्धा नाही. अधिकृत मापकं मोजकी, त्यामुळे हा फरक वेळेवर कळायला मार्ग नव्हता. तिथले हवामानतज्ज्ञ नोलन डोस्कन यांनी पुढच्याच वर्षी नागरिकांचं पाऊस मोजणाऱ्यांचं जाळं सुरू केलं. परसात मापक ठेवणारे हजारो लोक आज त्यात आहेत, आणि हवामान खातं त्यांच्या नोंदी वापरतं. त्यांना पहिल्यापासून एक गोष्ट बजावतात: पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. कोऱ्या जागेवरून मापक कोरडा होता की मोजणारा गावाला गेला होता, हे कळत नाही. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला ही शून्यंच हवी असतात.

१९९५पासून चाललेल्या 'ग्लोब' कार्यक्रमात शंभराहून जास्त देशांतली शाळेची मुलं ढग, तापमान, माती यांच्या नोंदी करतात. उपग्रह डोक्यावरून जात असताना केलेली ढगांची नोंद उपग्रहाच्या चित्राशी ताडून पाहिली जाते. उपग्रहाला वरचा ढग दिसतो, मुलाला खालचा; दोन्ही मिळून चित्र पुरं होतं. २०२०च्या मार्चमध्ये लोक घरात अडकले असताना एड हॉकिन्स यांनी ब्रिटनमधल्या पावसाच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकावर उतरवायला मदत मागितली. ६६ हजार कागद होते. १६ हजार लोक धावून आले आणि १६ दिवसांत काम हातावेगळं झालं. त्यातून ब्रिटनमधलं नोंदींतलं सर्वांत कोरडं वर्ष १८५५ होतं, हे उघडकीस आलं. ज्याने स्वतः असे कागद उतरवले आहेत, त्याला 'हे आकडे खोटे आहेत' असं सांगून फसवणं सोपं नाही. अफवांवर मला तरी याहून चांगला उतारा दिसत नाही.

या कामाला लागतं काय?

हवामानशास्त्र यायला हवं, हे उघड आहे. वारा, दाब, अंदाजाची संगणकी गणितं यांची पक्की समज नसेल तर सोपं करण्याच्या नादात माणूस चुकीचं बोलतो. पण तेवढ्याने भागत नाही. लोक धोका कसा जोखतात याचं मानसशास्त्र लागतं, स्थानिक भाषा लागते, आणि ऐकायची तयारी लागते, जी विद्यापीठात सहसा शिकवत नाहीत. मार्च २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस यांनी २०२७ संपेपर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचं संरक्षण मिळावं असं उद्दिष्ट जाहीर केलं. त्याचे चार आधार ठरले: धोक्याची जाण, निरीक्षण आणि अंदाज, इशारा पोचवणं, आणि लोकांची पूर्वतयारी. चारांपैकी दोन सरळसरळ या लेखातल्या माणसांचे आहेत. पैसा आणि नोकऱ्या मात्र अजून रडार आणि संगणकांकडेच जास्त वळतात. वेधशाळेत भरती करताना एक तरी जागा पूर्ण वेळ याच कामासाठी असावी, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

ज्यांना ही कामं आजच करायची आहेत, त्यांच्यासाठी एक चाचणी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. लिहिलेला इशारा या विषयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना वाचून दाखवायचा. 'कळलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळे हो म्हणतात. 'हे ऐकून तुम्ही आता काय कराल?' असं विचारायचं. प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं, तर तो इशारा अजून बाहेर पाठवण्याजोगा झालेला नाही. परत लिहायला बसायचं.